न दिसणारे शेजारी – ९ : मुंजाची सोडमुंज

आज प्लँचेटवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण वेताळावरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांतलं एक पत्र टाळणं जमेना. सदाशिव पेठेतल्या एका आजींची तक्रार आहे की वेताळ झाला, म्हसोबा झाला, पण त्यांच्या मुंजाला मी साधं विचारलंही नाही. वाड्यामागच्या पिंपळावर तो पिढ्यान् पिढ्या राहत होता. वाडा पडला, पिंपळ गेला. मग तो गेला कुठे, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. मध्यवस्तीत एका बोळाला मुंजाबाचं नाव असलेल्या शहरात हा प्रश्न अगदी रास्त आहे.

मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंज होण्याआधी गेलेला ब्राह्मणाचा मुलगा. लंगोटी, शेंडी, जानवं आणि मुक्काम पिंपळावर नाहीतर विहिरीत. आता ही व्याख्या इतकी नेमकी का? पोर मेलं की भूत झालं, एवढं का पुरत नाही?

उत्तर सुतकात आहे. मुंजीआधी गेलेल्या मुलाचं सुतक थोडक्यात आटपतं. धर्मशास्त्राच्या लेखी तो अजून पुरता ‘आत’ आलेला नसतो. आठव्या वर्षी मुंज लागली की तो आत येतो आणि त्याच्या जाण्याचं सुतक पुरं दहा दिवसांचं होतं. पण आत आला तरी लग्न नाही, मुलगा नाही, वर्षश्राद्ध पुढे चालवणारं पोटचं कुणी नाही. हक्क मिळाले, वारस मिळाला नाही. पुढचं पाऊल सोडमुंज, त्यापुढचं लग्न. ती वाट मध्येच तुटली, म्हणून तो तिथेच बसून राहिला. २०२४ च्या ‘मुंज्या’ चित्रपटातलं भूत लग्नासाठी हट्ट धरून बसतं. पडद्यावरची मारामारी सोडून द्या, पण हट्ट अगदी शास्त्रशुद्ध आहे!

एकदा हे लक्षात आलं की आपली सगळी भुतावळच वेगळी दिसायला लागते. इथे मला माझ्या आवडत्या माणसाकडे वळू द्या. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन. शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या धाडून त्याने गावोगावचे देव, भुतं, नवस, तोडगे गोळा केले. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला तो गेला असताना अनंत कान्हेऱ्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. इतिहासाच्या पुस्तकात जॅक्सन इथे संपतो. त्याचे कागद मात्र संपले नाहीत. एन्थोव्हेन नावाच्या सहकाऱ्याने ते लावले, आणि १९१५ मध्ये कोकणचा खंड छापून निघाला.

त्यातली भुतांची यादी जनगणनेसारखी आहे. मुंजा ब्राह्मणाचा, देवचार शूद्राचा, झोटिंग कोळ्या-खारव्यांचा, खवीस मुसलमानाचा. नवरा असताना गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर हडळ. मेल्यावरही जात सुटत नाही आणि कुंकवाचा हिशेब तर त्याहून सुटत नाही. बाईच्या भुताला आधी विचारतात, नवरा होता का? पुरुषाच्या भुताला आधी विचारतात ती जात. भुतांच्या गोष्टींतून मेलेल्यांविषयी फारसं कळत नाही, पण त्या सांगणाऱ्या जिवंतांच्या घरातली उतरंड लख्ख दिसते.

मग पिंपळच का? एक तर तो कुणी तोडत नाही. पक्ष्याच्या विष्ठेतून बी भिंतीत रुजतं, वाड्याची भिंत फाटते, तरी कुऱ्हाडीला हात जात नाही. दुसरं म्हणजे त्याची पानं लांब देठांवर लोंबतात. अंगाला वारा जाणवतही नाही तेव्हा ती सळसळतात. रात्री परसाकडे निघालेल्या पोराला एवढं पुरे. तिसरं कारण मला सगळ्यांत आवडतं: पिंपळाचीच मुंज लावायची रीत होती. पार बांधायचा, जानवं घालायचं. झाड आणि त्यावरचा राहणारा, दोघेही बटू.

अडकलेल्याला मोकळं करायचं तर राहिलेला संस्कार पुरा करायचा, हा विचार आपल्यापुरता नाही. दक्षिण कन्नडमध्ये लहानपणी गेलेल्या मुलामुलींची लग्नं त्यांची घरं रीतसर लावतात, स्थळ पाहून, मानपान करून. चीनमध्येही मेलेल्या अविवाहितांची लग्नं लावण्याची जुनी प्रथा आहे.

आता आजींचा प्रश्न. मुंजा गेला कुठे? विजेच्या दिव्यांनी भुतं पळाली, असं नेहमी सांगतात. मला ते पटत नाही. हडळ आणि चकवा दिव्याखालीही टिकून आहेत. मुंजाचं कारण निराळं. आठ ते बारा-चौदा या वयातली मुलं देवीने, पटकीने, १८९७ च्या प्लेगने जात, आणि घरोघर एखादा मुंजा असे. मग लस आली, नळाचं पाणी आलं. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. दुसरीकडे मुंजीच लांबल्या. आता किती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी मुंज आणि लगेच सोडमुंज उरकतात. ज्या फटीत मुंजा राहायचा, ती फटच बुजली. पिंपळ पाडणाऱ्या बिल्डरकडे त्याचा दोष जात नाही. नवी भरती त्याच्या आधीच बंद पडली होती.

आजी, तुमचा मुंजा मात्र त्या आधीचा. तो कुणाचा होता, कितव्या वर्षी गेला, हे घरात कुणाला आठवत असेल तर लिहून ठेवा. मुंजाला नाव असतं ते फक्त आठवणाऱ्यांच्या घरात, आणि छापील यादीत ते कधीच येत नाही. प्लँचेट पुढच्या आठवड्यात. तिथे तर नाव सांगितल्याशिवाय कुणी येतच नाही.