‘आपला’ आणि ‘तिचा’ : इंग्रजी अर्जातील सर्वनामे

इंग्रजीत सर्वनामांचे पुरुषवाचक, दर्शक, प्रश्नार्थक, संबंधी, आत्मवाचक इत्यादी प्रकार आहेत. अर्ज लिहिताना मात्र स्वामित्वदर्शक रूपांविषयी विशेष दक्षता घ्यावी. ‘शोभेने लीलेला आपला दाखला दिला’ या वाक्यात दाखला शोभेचाच, हे ‘आपला’ या शब्दाने निश्चित होते. ‘तिचा’ म्हटल्यास तो सामान्यतः लीलेचा ठरतो. इंग्रजीत दोहोंसाठी ‘हर’ हेच रूप येते. त्यामुळे ‘शोभा गेव्ह लीला हर सर्टिफिकेट’ असे लिहिल्यास दाखला कोणाचा, हे कचेरीस उमगत नाही व प्रकरण चौकशीत अडकण्याचा संभव असतो. दाखला शोभेचा असल्यास ‘शोभा गेव्ह हर ओन सर्टिफिकेट टू लीला’ असे लिहावे. लीलेचा असल्यास ‘लीलाज् सर्टिफिकेट’ असा स्पष्ट उल्लेख करावा. सर्वनामाने नामाची पुनरुक्ती टळते. परंतु जेथे संदेह, तेथे पुनरुक्तीच श्रेयस्कर होय.