राजाविना बांधलेलं कोल्हापूर

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर फिरतो आणि मग न्यू पॅलेस गाठतो. काळा घडीव दगड, घड्याळाचा उंच मनोरा, काचांवर रंगवलेले शिवचरित्रातले प्रसंग पाहून राजाच्या हौसेचं कौतुक करतो. पण १८७७ ते १८८४ या काळात हा वाडा बांधला जात होता, तेव्हा गादीवरच्या चौथ्या शिवाजी महाराजांना हौस करायची मुभाच नव्हती. आधी ते अज्ञान होते. पुढे इंग्रजांनी त्यांना वेडं ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. २५ डिसेंबर १८८३ रोजी, पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय अवघं वीस. त्यांच्या कारकिर्दीतला हा वाडा त्यांना पुरा झालेला पाहता आला नाही, हे मला त्या मनोऱ्याकडे पाहताना विसरता येत नाही.

ही कहाणी फ्लॉरेन्सपासून सुरू होते. १८७० मध्ये कोल्हापूरचे तेव्हाचे राजे राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावर गेले. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, पण परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला, तेव्हा इटलीची राजधानी असलेल्या फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. तेही विशीतच होते. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने त्यांना अग्नी दिला गेला. तिथे १८७४ मध्ये छत्री उभारली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, आतला अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा. पुढे शेजारी नवा पूल झाला, त्यालाही या 'हिंदी' राजावरून इंडियानो हेच नाव मिळालं.

राजाराम महाराजांच्या निधनापासून २ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांच्या हाती अधिकार येईपर्यंत कोल्हापूरचा कारभार प्रत्यक्षात इंग्रज अधिकाऱ्यांच्या मर्जीने चालला. कोल्हापूर संस्थान होतं, इंग्रजी मुलूख नव्हता. तरी आपल्या शहरातल्या वसाहतकाळातल्या बहुतेक मोठ्या वास्तू याच चोवीस वर्षांतल्या आहेत आणि त्यातल्या महत्त्वाच्या मँटच्या हातच्या. टाऊन हॉल १८७२ ते १८७६ मधला, गॉथिक वळणाचा, उतरत्या छपरांचा. न्यू पॅलेसपर्यंत येताना मात्र मँट गुजरात-राजस्थानातली मंदिरं आणि इथले राजवाडे यांच्याकडे वळलेला दिसतो. एकाच माणसाची नजर काही वर्षांत कशी बदलली, हे एकाच गावात पायी फिरून पाहता येतं. बडोद्याचा लक्ष्मीविलासही त्यानेच आखला. १८८१ मध्ये तो वारला, म्हणजे न्यू पॅलेस त्याच्याही माघारी पुरा झाला.

टाऊन हॉलमध्ये आता संग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक सागरदेवाची काशाची छोटी मूर्ती इथलीच. रोमशी चाललेल्या जुन्या व्यापारात ती पंचगंगेकाठी पोचली. करवीरचा राजा आर्नोकाठी विसावला त्याच्या कितीतरी शतकं आधी! जवळच सीपीआर. अल्बर्ट एडवर्ड या इंग्लंडच्या युवराजाच्या नावाने बांधलेलं हे इस्पितळ आज छत्रपती प्रमिलाराजेंच्या नावाने चालतं आणि जिल्हाभरातला गरीब माणूस तिथे येतो.

गावाने सगळंच असं सांभाळलं नाही. मुंबईचा गव्हर्नर विल्सन याचा पुतळा आजच्या शिवाजी चौकात होता. 'चले जाव'च्या लढ्यात भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे यांनी तो विद्रूप केला. १९४५ मध्ये तिथे शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला. इमारत वापरात घ्यायची आणि गव्हर्नरचा पुतळा हटवायचा, हा निवाडा लोकांनीच केला आणि तो मला पूर्ण पटतो.

म्हणून पाहुण्यांनी न्यू पॅलेसपासून सुरुवात करू नये. आधी टाऊन हॉल, मग सीपीआरचा दगडी दर्शनी भाग, तिथून चालत शिवाजी चौक आणि भवानी मंडपातला जुना वाडा. न्यू पॅलेस शेवटी पाहावा, चौथ्या शिवाजी महाराजांचं नाव मनात ठेवून.