समुद्राचं शेवाळ, भाजीचा मळा

तामिळनाडूत रामेश्वरम–मंडपमच्या किनाऱ्यावर मच्छीमार कुटुंबांतल्या बायका बांबूच्या तराफ्यांना दोऱ्या ताणतात आणि त्यांवर ‘कप्पाफायकस’ या लाल शेवाळाचे तुकडे बांधतात. साधारण 45 दिवसांत तराफा काढणीला येतो. हे शेवाळ लावलं जायचं ते कॅराजिनन या घट्टपणा आणणाऱ्या पदार्थासाठी. ते उन्हात वाळवलं जाई आणि त्यातला रस वाया जाई. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ताजं शेवाळच दळून रस वेगळा काढला, उरलेला चोथा कॅराजिननसाठी ठेवला आणि रसाची फवारणी पिकांवर करून पाहिली. या पद्धतीला 2005 साली अमेरिकी पेटंटही मिळालं.

आज कृषी सेवा केंद्रात ‘सीवीड’ म्हणून मिळणारी काही टॉनिकं याच वाटेने आलेली आहेत.

या रसात पालाश असतं, पण फवारणीतून पिकाला मिळतं ते अगदी थोडं. खरी किमया सायटोकायनिन, ऑक्झिन, जिबरेलिन या संजीवकांची आणि बीटेनसारख्या घटकांची. अत्यल्प प्रमाणातही ती पेशींची वाढ, मुळांचा फुटवा आणि फळधारणा यांना चालना देतात, ताण सोसायला मदत करतात. म्हणूनच शेणखत आणि खतांचा डोस चुकवून नुसतं सीवीड मारणाऱ्याच्या पदरी निराशा येते. उपाशी रोपाला संजीवकं काय करणार?

भेंडीवरच्या 2008 सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात 2.5 टक्के द्रावणाच्या फवारणीने उत्पादन सुमारे 20 टक्क्यांनी वाढलं. टोमॅटोवरचे आकडे याहून मोठे आहेत, पण ते प्रयोगाच्या प्लॉटमधले. जमीन, वाण, पाणी बदललं की फरकही बदलतो. मात्रा वाढवून फायदा वाढत नाही; जास्त तीव्र द्रावणाने उलट वाढ खुंटू शकते.

पुनर्लागवडीनंतर रोप सावरताना, फुलोऱ्याच्या आधी आणि फळं धरताना फवारणी उपयोगी पडते. ती सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूलाही पोहोचेल अशी करावी.

फेब्रुवारी 2021 पासून ही उत्पादनं खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत, त्यामुळे बाटलीवरचं लेबल वाचूनच मात्रा ठरवावी आणि पक्कं बिल घ्यावं. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा स्वतःचं शेत भरवशाचं: दोन सऱ्या फवारणीविना सोडाव्यात आणि प्रत्येक तोडणीचं वजन वेगळं लिहून ठेवावं.