ठळक टाईपाचा बाज

जुन्या वळणाच्या रोमन टाईपात अक्षरांच्या टोकांना छोटे पाय असतात. त्यांना सेरिफ म्हणतात. देवनागरीचा बाज अशा पायांतून येत नाही, तो बोरूच्या तिरप्या कापातून येतो. हात उजवीकडून डावीकडे खाली उतरला की रेघ जाड, डावीकडून उजवीकडे उतरला की बारीक. रोमन टाकाच्या नेमकं उलट.

हे वळण शिशाच्या खिळ्यांत सुबकपणे उतरवणाऱ्यांत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना होता, १८६९ पासून मुंबईत. अक्षरांचे मूळ ठसे राणोजी रावजी आरू यांनी कोरले. त्या कोरणीची सफाई आजही डोळे निववते.

अक्षर ठळक करायचं म्हणजे नुसती रेघ फुगवायची नसते. ‘क्ष’ घ्या, ‘ष’ घ्या: रेघ जाडावली की आतली पोकळी बुजते, अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो. कागदावर शाई पसरली की आणखीच गिचमीड. म्हणून ठळक टाईप मथळ्याला, लग्नपत्रिकेतल्या नावांना, पाटीला शोभतो. बारीक मजकुराला नाही. इंडियन टाईप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ हा जाड-बारीक रेघांचा ठसठशीत फाँटही मोठ्या आकारासाठीच आहे.

पाटीचंच उदाहरण घ्या. नवापूर तालुक्यातलं विसरवाडी हे गाव धुळे-सुरत महामार्गावर आहे. अशा गावात दुकानाची पाटी धावत्या गाडीतून वाचली जाते. तिथे रेघ ठळक हवी, पण केसासारखी बारीक टोकं टाळावीत, कारण लांबून आधी तीच दिसेनाशी होतात. अक्षरांत अंतरही मोकळं ठेवावं.