सही कुणाची, पलटण कुठली? घरात सापडलेल्या जर्मन लष्करी पुस्तिकेची गोष्ट

रेजिनात आज दाराबाहेर पाऊल टाकवत नाही अशी थंडी आहे, तेव्हा चहा घेऊन निवांत बसा. आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा वेगळा आहे, पण तो एका मराठी घरातूनच आला आहे.

आमच्या ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला. त्यांच्या लेकीचं सासर इथलंच, मूळचं जर्मन. विहीणबाई मोठं घर सोडून लहान फ्लॅटमध्ये जायला निघाल्या आणि आवराआवरीत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक तपकिरी पुस्तिका निघाली. आत गणवेशातल्या तरुणाचा फोटो, गरुडाचे शिक्के आणि सह्याच सह्या. वडील युद्धात कारकून होते, एवढंच विहीणबाईंना लहानपणापासून सांगितलेलं. पुस्तिकेतला हुद्दा मात्र ओबरलॉयटनंट, म्हणजे आपल्याकडच्या लेफ्टनंटच्या जोडीचा. ताईंनी विचारलं, "या सह्यांवरून हा माणूस कुठे होता ते कळेल का? उद्या नातवंडं विचारतील, तेव्हा काय सांगायचं?"

या गावात हा प्रश्न नाजूक आहे. ६ जून १९४४ ला रेजिना रायफल्स ही इथली पलटण नॉर्मंडीच्या जूनो किनाऱ्यावर उतरली आणि दोनच दिवसांनी ब्रेटव्हील गावात तिची गाठ बाराव्या एस. एस. डिव्हिजनशी पडली. त्या डिव्हिजनमधला अधिकारी कुर्ट मायर याच्यावर डिसेंबर १९४५ मध्ये जर्मनीतल्या आउरिख इथे कॅनडाच्या लष्करी न्यायालयात खटला चालला, कॅनेडियन कैद्यांच्या हत्येबद्दल. फाशीची शिक्षा पुढे जन्मठेपेवर आली आणि काही वर्षं तो न्यू ब्रन्सविकच्या तुरुंगात होता. म्हणून कुणाच्या घरात जर्मन अधिकाऱ्याचे कागद निघाले की आधी सगळे गप्प होतात. त्या गप्प बसण्यापेक्षा कागद नीट वाचलेला बरा, असं माझं मत आहे.

तर ही पुस्तिका म्हणजे झोल्डबुख. झोल्ड म्हणजे पगार. हे पगारपुस्तक सैनिकाने सतत खिशात बाळगायचं, तेच त्याचं ओळखपत्र. याच्या जोडीला वेअरपास नावाची दुसरी पुस्तिका असे, ती पलटणीच्या कचेरीत राही आणि सैनिक मेला तर घरच्यांकडे जाई. झोल्डबुखाच्या पहिल्या पानावर हुद्दे, रक्तगट आणि गळ्यातल्या बिल्ल्याचा नंबर असतो. हा बिल्ल्याचा नंबर सोन्यासारखा जपा, पुढे तोच कामाला येतो. दुसऱ्या पानावर शरीराचं वर्णन आणि खाली धारकाची स्वतःची सही. बाकी बहुतेक सह्या दुसऱ्यांच्या: हुद्दा वाढवणाऱ्या वरिष्ठाची, लस टोचणाऱ्या डॉक्टरची, रजा मंजूर करणाऱ्याची. आपल्या ताईंनी पहिली चूक इथेच केली. सगळ्यात मोठी, ऐटबाज सही तीच पणजोबांची, असं त्या धरून चालल्या होत्या.

दुसरी अडचण लिपीची. ही जुनी जर्मन वळणं आजच्या जर्मन माणसालाही वाचता येत नाहीत. विहीणबाईंनाही येईनात. आपल्याला हे समजायला सोपं आहे, कारण पणजोबांचं मोडीतलं खरेदीखत हातात घेऊन आपणही असेच बसतो. जर्मनीत या हस्ताक्षराला कुरेंट म्हणतात. त्याचंच सोपं केलेलं रूप, झुटरलिन, शाळेत शिकवत. १९४१ मध्ये सरकारने ते शाळांतून काढून टाकलं. त्यात 'ई' हे अक्षर आपल्या डोळ्याला 'एन' दिसतं आणि 'यू' ओळखायचं ते डोक्यावरच्या छोट्या कमानीवरून. हे दोन नियम कळले तरी निम्मं आडनाव सुटतं.

पण नुसत्या अक्षरावरून सही ओळखायला जाऊ नका. सहीखाली काय लिहिलंय ते आधी बघा. तिथे हुद्दा आणि काम असतं, 'हाउप्टमान व कंपनीप्रमुख' असं काहीतरी. सहीआधी 'आय-व्ही' ही दोन अक्षरं असतील तर सही खुद्द प्रमुखाची नाही, त्याच्या जागी काम बघणाऱ्याची आहे. 'आय-ए' असेल तर हुकमावरून केलेली. आपल्याकडे 'करिता' लिहून सही करतात ना, तसंच. ताई दोन संध्याकाळी पलटणीच्या प्रमुखाचं नाव त्या सहीत शोधत होत्या, आणि सहीच्या डाव्या अंगाला 'आय-व्ही' स्पष्ट होतं!

मग शिक्का. लढाईत असलेल्या पलटणीचं नाव शत्रूला कळू नये म्हणून शिक्क्यात पाच आकडी टपाल नंबर असे. तो नंबर कुठल्या तुकडीचा हे याद्यांतून मिळतं, पण एकच नंबर पुढे दुसऱ्या तुकडीलाही दिला जाई, म्हणून नोंदीची तारीख सोबत हवीच. तारीख आणि तुकडी हाती आली की गेओर्ग टेसिन यांच्या अनेक खंडांच्या संदर्भग्रंथात ती तुकडी केव्हा कुठे होती ते सापडतं. त्या वेळी तिचा प्रमुख कोण होता हे कळलं की सही आपोआप वाचता येते.

बाजारात विकायला येणाऱ्या कागदांबद्दल एकच सांगते. नामांकित सेनापतींच्या सह्या खोट्या करणारे पुष्कळ आहेत. युद्धकाळातल्या कागदावर बॉलपेनची सही दिसली तर तो कागद तिथेच खाली ठेवा. खऱ्या सह्या शाईच्या किंवा कॉपिंग पेन्सिलीच्या. काही तर चक्क रबरी शिक्क्याच्या असतात.

आता मुख्य दफ्तर. १९३९ पासून बर्लिनमध्ये सैनिकांची माहिती ठेवणारी एक कचेरी होती. १ जानेवारी २०१९ पासून ती जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, बुंडेसआर्खिव्हमध्ये सामील झाली. तिथे बिल्ल्यांच्या याद्या आणि दीड कोटीहून अधिक माणसांची कार्डं आहेत. लष्करी अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक फायली फ्रायबुर्गच्या शाखेत, तर एस. एस. अधिकाऱ्यांच्या बर्लिनच्या शाखेत. त्या दुसऱ्या गठ्ठ्याच्या मायक्रोफिल्म अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही आहेत. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि बिल्ल्याचा नंबर द्यायचा. पहिल्या महायुद्धातला माणूस शोधत असाल तर मात्र मन घट्ट करा. एप्रिल १९४५ च्या हवाई हल्ल्यात पॉट्सडॅमचं लष्करी दफ्तर जळालं आणि प्रशियाच्या सैन्याचे बहुतेक कागद गेले. बव्हेरियाचे म्युनिकला वाचले आहेत.

फाईल आली तरी जपून वाचा. त्यात वरिष्ठांनी लिहिलेले शेरे असतात. सरकारी नोकरीतले गोपनीय अहवाल ज्यांनी पाहिलेत त्यांना ती भाषा ओळखीची वाटेल. "कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ" यावरून माणूस चांगला ठरत नाही, आणि तुकडीचं नाव वाईट निघालं म्हणून त्याने स्वतः काय केलं तेही कळत नाही. तुकडी, गाव आणि तारीख मिळाली की तिथे त्या दिवसांत काय घडलं हे वेगळं शोधावं लागतं. ते काम घरच्यांनी टाळू नये.

पुस्तिकेच्या चौथ्या पानावर आम्हाला तोफखान्याच्या एका रेजिमेंटचं मुख्यालय सापडलं. म्हणजे टेबलावरचं काम असेलही, कारकुनाचं मात्र नव्हे. विहीणबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अर्ज मीच भरते, मुलगी मीच आहे."

ताईंचे स्वतःचे आजोबा मराठा पलटणीत होते, इटलीत जर्मनांशीच लढलेले. माणगावकडच्या यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये जिथे मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तीच आघाडी. आजोबांच्या कागदावर सहीच्या जागी निशाणी डावा अंगठा आहे, आणि त्यावर साक्षीदाराची मोडीत सही. तो कागद ताईंनी आजवर कुणाला दाखवलाच नव्हता. पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, तिकडेही नंबर, नाव आणि गाव लिहून पत्र गेलंय. दोन्हीकडून काही महिने वाट बघावी लागेल. तोवर तुमच्यापैकी कुणाला मोडी वाचता येत असेल, तर आम्हाला जरूर कळवा. त्या साक्षीदाराचं आडनाव अजून लागलेलं नाही.