मोजमापाचं सॉफ्टवेअर बसवताना: आधी घड्याळ, मग आलेख

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला हमखास एक काम येतं: "त्या उपकरणाला कॉम्प्युटर जोड, डेटा घे आणि प्लॉट काढून दाखव." सॉफ्टवेअर बसवायला तासभर पुरतो. पण त्या तासात तुम्ही जे ठरवता, त्यावर पुढची काही वर्षं डेटा गोळा होत राहतो. म्हणून बसवताना नेमकं काय ठरवायचं ते आज बघू. उदाहरण आमच्या पनवेलचंच घेतो.

नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिची परंपरा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपासून सुरू होते. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्या विद्युतप्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून हे काम अलिबागला हलवलं गेलं. तिथे १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चाललं. त्यामुळे जुनी आणि नवी मालिका जोडता आली. पहिला धडा इथेच घ्या: उपकरण किंवा सॉफ्टवेअर बदललंत, तर काही दिवस जुनं-नवं दोन्ही सोबत चालवा.

आता २ सप्टेंबर १८५९ कडे या. त्या दिवशीच्या सौरवादळात कुलाब्याला चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळला. शांत दिवशी हा चढउतार काही दहा नॅनोटेस्लांचा असतो. माणसांनी डोळ्यांनी वाचून हाताने लिहिलेल्या या नोंदी २००३ साली एका शोधनिबंधात पुन्हा तपासल्या गेल्या. त्या निबंधानुसार सूर्यावरचा भडका दिसल्यानंतर साधारण १७ तास ४० मिनिटांनी वादळ पृथ्वीवर पोचलं. सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला सुमारे २,३६० किलोमीटर.

या हिशेबात सगळं घड्याळावर अवलंबून आहे. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. कुणी मुंबईची वेळ चुकून ग्रीनिचची समजलं असतं, तर प्रवास साडेबावीस तासांचा झाला असता आणि वेग १,८५० वर आला असता. आलेख दिसायला तसाच, उत्तर मात्र साफ चुकलेलं. दीडशे वर्षांनंतरही बरोबर उत्तर निघालं, कारण कोणती वेळ वापरली हे कळायला वाव होता. तुमच्या फाइलमधून पाच वर्षांनी तेवढं कळेल का?

आता प्रत्यक्ष बसवूया.

१. वेगळी खोली. पायथन बसवल्यावर त्या उपकरणासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करा आणि त्यातच पायसिरियल, पांडाज आणि मॅटप्लॉटलिब टाका. सगळं चालू झालं की पिप फ्रीझ करून आवृत्त्यांची यादी डेटाशेजारी ठेवा. उद्या दुसऱ्या प्रकल्पासाठी काही अपडेट केलंत, तरी ही खोली तशीच राहते.

२. जोडणी. बरीच उपकरणं यूएसबी केबलने जोडली, तरी आतून सिरियल पद्धतीनेच बोलतात. विंडोजवर केबलमधल्या चिपचा ड्रायव्हर लागतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा क्रमांक दिसला की जोडणी झाली. लिनक्सवर पोर्ट दिसूनही परवानगी नाकारली, तर बहुतेक वेळा तुमचं युजर-नाव 'डायलआउट' गटात घालायचं राहिलेलं असतं. बॉड रेट मॅन्युअलमधून बघून घ्या. तो चुकला की पडद्यावर आकड्यांऐवजी कचरा येतो.

३. घड्याळ. कॉम्प्युटर नेटवर्कवरून वेळ जुळवतोय याची खात्री करा. नोंद यूटीसीमध्येच करा आणि तसं फाइलच्या पहिल्या ओळीत लिहा. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने. ०५-०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हे कोडं पुढच्या माणसाला कशाला? कॉम्प्युटरचा स्लीप मोड बंद करा, नाहीतर तुम्ही चहाला गेलात की तोही झोपतो.

४. कच्ची फाइल. उपकरणाने जे पाठवलं ते जसंच्या तसं साठवा. गुळगुळीत करणं, एकक बदलणं, नको ते वगळणं हे सगळं नंतर, वेगळ्या फाइलमध्ये. रोज नवी फाइल उघडा आणि प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर लिहायला लावा. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही; असं केलंत तर फार तर शेवटची ओळ जाते, अख्खा दिवस नाही.

५. आलेख. आलेख काढणारा प्रोग्रॅम नोंद घेणाऱ्या प्रोग्रॅमपासून वेगळा ठेवा. प्लॉटची खिडकी अडकली म्हणून मोजमाप थांबायला नको. अक्षांवर एकक आणि वेळेचा प्रकार लिहा.

हे सगळं उपकरण हातात नसतानाही शिकता येतं. जगभरच्या चुंबकीय वेधशाळांचा डेटा इंटरमॅग्नेटवर मिळतो, त्यात अलिबागही आहे. एका शांत दिवसाची, मिनिटामिनिटाच्या नोंदींची आयागा-२००२ साच्यातली फाइल घ्या आणि आडवा घटक काढून बघा. दोन गोष्टी तपासा.

पहिली: आलेखात मधेच आभाळाला टेकणारा सुळका दिसला, तर ते वादळ समजू नका. या साच्यात ९९९९९ म्हणजे 'नोंद नाही'. ते आकडे आधी रिकामे करा. शून्य भरू नका, शून्य हेही एक मोजमापच असतं.

दुसरी: अलिबागला शांत दिवशी हा घटक दुपारच्या थोडा आधी, स्थानिक अकराच्या सुमारास, सगळ्यात वर जातो. म्हणजे यूटीसीमध्ये साधारण सहाला. तुमच्या आलेखात हा उंचवटा साडेअकराच्या आसपास दिसत असेल, तर प्रोग्रॅमने वाचताना वेळ भारतीय करून टाकली आहे आणि अक्षावर मात्र यूटीसी लिहिलंय.

अशी एक खूण प्रत्येक उपकरणासाठी शोधून ठेवा, जिचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. थर्मामीटर असेल तर वितळणारा बर्फ, वजनकाटा असेल तर प्रमाणित वजन. सॉफ्टवेअर चाललं म्हणजे ते बसलं असं नाही. त्या खुणेवर आलेख बरोबर उतरला, की मग खऱ्या मोजमापाला सुरुवात करा.