तुरीच्या वाणांची वांझ रोगासाठी चाचणी : प्रतिकारक्षमता आणि सहनशीलता

प्रस्तावना :
मराठवाडा व विदर्भाच्या कोरडवाहू शेतीत कापूस अथवा सोयाबीनच्या जोडीने तूर घेण्याची पद्धत रूढ आहे. या पिकास मर आणि वांझ हे दोन रोग विशेष बाधक ठरतात. मर रोगाने झाड वाळते, त्यामुळे नुकसान लगेच ध्यानात येते. वांझ रोगाचे झाड मात्र हिरवेच राहते. पाने लहान व फिकट-गर्द ठिपक्यांची होतात, झाड झुडपासारखे वाढते, परंतु फुले व शेंगा धरत नाहीत. पेरणीनंतरच्या पहिल्या ४५ दिवसांत लागण झाल्यास ९५ ते १०० टक्के उत्पादन बुडू शकते.

रोगाचे कारण :
बिहारमधील पुसा येथून १९३१ साली या रोगाची प्रथम नोंद झाली. तथापि त्यामागील विषाणूची ओळख पटण्यास सुमारे सात दशके लागली. आज एमारा गटातील दोन विषाणू या रोगाशी निगडित असल्याचे ज्ञात आहे. त्यांचा प्रसार बियाण्यातून होत नाही. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एरिओफाइड कोळी वाऱ्याबरोबर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो व विषाणू सोबत नेतो. बांधावर राहिलेली बहुवर्षायू तूर किंवा कापणीनंतर फुटलेले खुंट हे त्याचे उन्हाळ्यातील आश्रयस्थान होय.

चाचणीची पद्धत :
शेतात रोग आपोआप येईल या भरवशावर वाणाची परीक्षा करता येत नाही. ज्या वर्षी कोळी कमी, त्या वर्षी प्रत्येक वाण प्रतिकारक्षम भासतो. म्हणून रोग मुद्दाम आणावा लागतो. रोगट झाडाची कोळीयुक्त पर्णिका दहा-पंधरा दिवसांच्या रोपाच्या पहिल्या पानावर दुमडून स्टेपलरने टाचली जाते. तोडलेली पर्णिका वाळू लागताच कोळी ताज्या पानावर स्थलांतर करतात. साधन कचेरीतील, पण काम चोख! मोठ्या क्षेत्रासाठी बळी पडणाऱ्या वाणाची ओळ वाऱ्याच्या दिशेस आधीच पेरून तीत रोग वाढविला जातो. तुलनेसाठी आयसीपी ८८६३ म्हणजेच ‘मारुती’ हा वाण वापरतात. हा वाण मर रोगास दाद देत नाही, वांझ रोगास मात्र सहज बळी पडतो. तुलनेच्या वाणात भरपूर रोग आलेला नसेल, तर त्या प्रयोगातील निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत.

सर्वसाधारणपणे १० टक्क्यांपर्यंत झाडे रोगट असल्यास वाण प्रतिकारक्षम, १० ते ३० टक्क्यांपर्यंत मध्यम प्रतिकारक्षम व त्यापुढे रोगास बळी पडणारा मानला जातो. ही मोजणी सोपी आहे, परंतु पुरेशी नाही. काही वाणांच्या पानांवर केवळ वलयाकार ठिपके उमटतात, झाड पुढे नेहमीप्रमाणे फुलते. अशा झाडास विषाणूची बाधा होते, पण त्याचे उत्पादन टिकते; यालाच सहनशीलता म्हणावयाचे. केवळ रोगट झाडे मोजल्यास असा वाण नाहक बाद होईल. उलटपक्षी, त्यावर कोळीही पोसला जात असेल तर शेजारच्या शेतास तो धोका ठरेल. म्हणून लक्षणांचा प्रकार, कोळ्यांची संख्या आणि प्रत्यक्ष उत्पादन यांची स्वतंत्र नोंद आवश्यक आहे.

स्थळाचा प्रश्न याहून अवघड आहे. पाटणचेरू येथे टिकलेले अनेक वाण बंगळूर येथील तीव्र विषाणूपुढे टिकले नाहीत. आयसीपी ७०३५ सारखे अनेक ठिकाणी टिकणारे वाण थोडेच आहेत. जालना जिल्ह्यातील बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेले बीएसएमआर ७३६ व बीएसएमआर ८५३ हे वाण मर आणि वांझ या दोन्ही रोगांना प्रतिकारक्षम म्हणून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. अशा वाणांचीही वेगवेगळ्या ठिकाणी वेळोवेळी फेरतपासणी व्हावयास हवी, कारण बियाणे तेच राहिले तरी विषाणू तोच राहील याची शाश्वती नसते.